विश्लेषण : काल चाललेला वर्डचा मॅक्रो आज का अडतो?

बटण दाबले की काम फत्ते, अशी सवय लावणारा मॅक्रो एखाद्या दिवशी मध्येच थांबतो. पुन्हा चालवला की मुकाट चालतो. असे लहरी बिघाड कशामुळे होतात, ते पकडायचे कसे आणि त्यांतले खरे धोकादायक कोणते?

वकिलांची कार्यालये, पतसंस्था, शाळा, गृहनिर्माण सोसायट्या, डीटीपीची दुकाने अशा अनेक ठिकाणी नोटिसा, दाखले, थकबाकीची पत्रे वर्डमध्ये तयार होतात. तोच मसुदा, फक्त नाव, पत्ता आणि रक्कम वेगळी. हे काम मॅक्रोवर सोपवलेले असते. बऱ्याचदा तो मॅक्रो एखाद्या हौशी सहकाऱ्याने लिहिलेला असतो. सहकाऱ्याची बदली होते किंवा तो निवृत्त होतो, मॅक्रो मात्र मागे राहतो. मग एके दिवशी पडद्यावर ‘रन-टाइम एरर’ची चौकट उमटते आणि तिचे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नसते. ‘संगणक बंद करून चालू करा’ हा उपाय काही वेळा लागूही पडतो. त्यामुळे मूळ कारण तसेच राहते आणि बिघाड ऐन घाईच्या दिवशी परत येतो.

मॅक्रो म्हणजे नेमके काय?

एकापाठोपाठ करायच्या कृतींची लिहून ठेवलेली यादी म्हणजे मॅक्रो. अमुक शब्द शोध, त्या जागी तमुक लिही, तक्ता रंगव, प्रिंट काढ, अशा आज्ञा त्यात असतात. विंडोजसाठीचा पहिला वर्ड १९८९ मध्ये आला, तेव्हा त्यात ‘वर्डबेसिक’ ही आज्ञांची भाषा होती. ‘वर्ड ९७’पासून तिची जागा ‘व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स’ म्हणजे व्हीबीएने घेतली. आजही वर्डचे बहुसंख्य मॅक्रो याच भाषेत चालतात. ‘रेकॉर्ड मॅक्रो’ हे बटण दाबून आपण केलेल्या कृती वर्डकडूनच लिहून घेता येतात, त्यामुळे प्रोग्रामिंग न शिकताही मॅक्रो तयार होतो. लहरी बिघाडांपैकी अनेकांचे मूळ या सोयीतच आहे. रेकॉर्डर फक्त तुम्ही काय केले ते लिहितो. ते करताना कोणत्या गोष्टी जागेवर होत्या, याची नोंद तो घेत नाही.

‘कधी चालतो, कधी नाही’ असे का होते?

संगणक लहरी नसतो. त्याच आज्ञा, तीच फाइल आणि तीच परिस्थिती दिली तर निकालही तोच येतो. निकाल बदलला याचा अर्थ या तिघांपैकी काही तरी बदलले आहे. म्हणून शोधाची सुरुवात तीन साध्या प्रश्नांनी करावी. एरर ठरावीक फाइलवरच येते का? ठरावीक संगणकावरच येते का? की तीच फाइल आणि तोच संगणक असूनही कधी येते, कधी नाही? पहिल्याचे उत्तर ‘हो’ असेल तर दोष फाइलच्या रचनेत शोधावा, दुसऱ्याचे असेल तर संगणकाच्या मांडणीत. तिसऱ्याचे असेल तर त्या क्षणी वर्ड कोणत्या अवस्थेत होता, हे पाहावे लागते. एवढी विभागणी केली तरी शोधाचे क्षेत्र बरेच आक्रसते.

एरर आली की सर्वात आधी काय करावे?

चौकट घाईने बंद करू नये. तिच्यावरचा क्रमांक आणि वाक्य लिहून घ्यावे किंवा मोबाइलने फोटो काढावा. मग ‘एंड’ऐवजी ‘डीबग’ दाबावे. मॅक्रो ज्या ओळीवर अडला ती पिवळी दिसते. त्या ओळीचाही फोटो घ्यावा. सोबत चार गोष्टी टिपून ठेवाव्यात : कोणती फाइल उघडी होती, आणखी कोणत्या फाइल उघड्या होत्या, कर्सर कुठे होता आणि त्याआधी हाताने काय केले होते. शेवटची नोंद बहुतेक जण टाळतात, पण पुष्कळदा उत्तर तिथेच सापडते.

फाइलमुळे होणारे बिघाड कोणते?

सर्वात नेहमीचा क्रमांक ५९४१. ‘मागितलेली गोष्ट या संग्रहात नाही’ असा त्याचा अर्थ. मसुद्यात नाव भरण्याच्या जागी ‘बुकमार्क’ नावाची अदृश्य खूण ठेवलेली असते. कोणी तो मजकूर निवडून त्यावर नवे टंकले की खूणही पुसली जाते. डोळ्यांना फाइल जशीच्या तशी दिसते, मॅक्रोला मात्र जागा सापडत नाही. ‘दुसरा तक्ता’ शोधणाऱ्या मॅक्रोसमोर एकच तक्ता असलेली फाइल आली तरी हाच क्रमांक दिसतो. उपाय सोपा आहे. बुकमार्क वापरण्याआधी तो अस्तित्वात आहे का, हे मॅक्रोने विचारावे. नसेल तर ‘अमुक खूण सापडली नाही’ असे सांगून थांबावे.

क्रमांक ५९९१ आला तर तक्त्याकडे पाहावे. तक्त्यातले उभे चौकोन कोणी एकत्र केले असतील, तर वर्डला एकेक ओळ वेगळी काढून देता येत नाही. ५९९२ हे स्तंभांबाबतचे तसेच दुखणे. दिसायला नीटस असलेला तक्ता मॅक्रोसाठी अडचणीचा असतो, तो असा. अशा वेळी ओळींऐवजी एकेका चौकोनावरून फिरणारा मॅक्रो लिहावा.

‘ट्रॅक चेंजेस’ चालू असलेली फाइल हा तिसरा सापळा. या अवस्थेत खोडलेला मजकूर प्रत्यक्षात जात नाही, खोडल्याची खूण घेऊन तिथेच राहतो. ‘सापडेपर्यंत शोध आणि बदल’ अशी फेरी मारणाऱ्या मॅक्रोला तो पुन:पुन्हा सापडत राहतो आणि वर्ड अडकून बसतो. मॅक्रोच्या सुरुवातीला ही सोय बंद करून शेवटी ती पूर्ववत करणे, हा त्यावरचा उपाय.

संगणक बदलला की मॅक्रो का बंद पडतो?

इथे चार संशयित आहेत. पहिला, ‘मिसिंग रेफरन्स’. मॅक्रो एखाद्या बाहेरच्या ग्रंथालयावर म्हणजे लायब्ररीवर विसंबून असतो आणि नव्या संगणकावर ती नसते. व्हीबीएच्या संपादकात ‘टूल्स’मधल्या ‘रेफरन्सेस’ यादीत ‘मिसिंग’ असा शिक्का असलेली ओळ दिसली, तर चोर सापडला. गंमत अशी की यामुळे ज्या आज्ञांचा त्या लायब्ररीशी संबंधही नाही अशा साध्या आज्ञांवरही एरर येऊ शकते.

दुसरा, ३२ आणि ६४ बिटचा फरक. ऑफिस २०१९ पासून ६४ बिटची आवृत्ती आपसूक बसते. विंडोजच्या आतल्या सोयी थेट वापरणाऱ्या जुन्या मॅक्रोंत ‘पीटीआर-सेफ’ हा शब्द नसेल, तर ते ६४ बिटवर सुरूच होत नाहीत.

तिसरा, व्हीबीस्क्रिप्ट. शब्दांचे गुंतागुंतीचे नमुने शोधण्यासाठी अनेक मॅक्रो या जुन्या भाषेतील ‘रेगएक्स्प’ ही सोय उसनी घेतात. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याची घोषणा केली. त्यामुळे ज्यांचे मॅक्रो तिच्यावर उभे आहेत त्यांनी आतापासूनच तपासणी करावी.

चौथा संशयित म्हणजे दुसरे सॉफ्टवेअर. पीडीएफ बनवणारे, शुद्धलेखन तपासणारे असे ‘ॲड-इन’ वर्डमध्ये शिरून बसलेले असतात. ते मॅक्रोच्या वाटेत येतात का हे पाहण्यासाठी कंट्रोल कळ दाबून धरून वर्ड उघडावा. ‘सेफ मोड’मध्ये उघडायचे का, असे तो विचारतो. या मोडमध्ये ॲड-इन बाजूला राहतात. इथे दुखणे गेले, तर ॲड-इन एकेक करून बंद करत दोषी शोधावा. तरीही न सापडल्यास वर्ड बंद करून ‘नॉर्मल डॉट डॉटएम’ या मूळ टेम्पलेटचे नाव बदलावे. वर्ड नवे कोरे टेम्पलेट तयार करतो. मात्र तुमचे मॅक्रो त्याच फाइलमध्ये असतील तर आधी तिची प्रत काढून ठेवावी.

ईमेलने आलेली फाइल चालत नाही, पेनड्राइव्हवरची चालते, असे का?

हे लहरीपण नाही, ती सुरक्षाव्यवस्था आहे. १९९५ मधला ‘कॉन्सेप्ट’ आणि मार्च १९९९ मध्ये ईमेलवरून जगभर पसरलेला ‘मेलिसा’ हे दोन्ही वर्डच्या मॅक्रोंतून फिरलेले व्हायरस. पुढेही मॅक्रो हा हल्लेखोरांचा आवडता मार्ग राहिला. म्हणून २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो वर्ड मुळातच अडवतो आणि वर लाल पट्टी दाखवतो. फाइल बाहेरून आली आहे हे ओळखण्यासाठी विंडोज तिच्यावर एक अदृश्य खूण करते. ही खूण एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते. पेनड्राइव्ह बहुधा एफएटी-३२ पद्धतीचा असतो, त्यावर फाइल नेली की खूण गळून पडते. तीच फाइल एकीकडे अडते आणि दुसरीकडे चालते, ती यामुळे.

फाइल खात्रीच्या माणसाकडून आली असेल, तर ती बंद करून तिच्यावर राइट क्लिक करावे आणि ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’वर खूण करावी. कार्यालयाच्या मॅक्रोंसाठी ‘ट्रस्टेड लोकेशन’ म्हणून एक फोल्डर ठरवून ठेवणे आणखी बरे. ‘सगळे मॅक्रो चालू द्या’ हा पर्याय मात्र कधीही निवडू नये. एका अडलेल्या मॅक्रोसाठी सगळ्या घराचे दार उघडे टाकण्यासारखे ते आहे.

फाइल तीच, संगणक तोच, तरीही कधी कधी अडतो. तेव्हा?

ही सर्वात चिवट जात. रेकॉर्ड केलेला मॅक्रो ‘सिलेक्शन’वर म्हणजे कर्सर जिथे आहे तिथे काम करतो. रेकॉर्ड करताना कर्सर मजकुरात होता, आज तो तक्त्यात किंवा पानाच्या शीर्षभागात आहे, तर तीच आज्ञा लागू पडत नाही. ‘ही सोय सध्या उपलब्ध नाही’ अशा अर्थाची ४६०५ क्रमांकाची एरर अनेकदा अशीच येते. ‘ॲक्टिव्ह डॉक्युमेंट’ म्हणजे त्या क्षणी समोर असलेली फाइल. मॅक्रो चालू असताना कोणी दुसऱ्या फाइलवर क्लिक केले, की काम भलत्याच फाइलवर होऊ शकते. फाइल ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’मध्ये उघडी असेल, तर वर्डच्या लेखी एकही फाइल उघडी नसते आणि ४२४८ ही एरर येते. यावर एकच पथ्य आहे : सुरुवातीलाच फाइलला एक नाव द्यावे आणि पुढे सगळे काम त्या नावाने, ‘रेंज’ वापरून करावे. कर्सरच्या भरवशावर राहू नये.

क्लिपबोर्ड हे दुसरे ठिकाण. कॉपी-पेस्ट करणारा मॅक्रो ज्या क्लिपबोर्डवर मजकूर ठेवतो तो साऱ्या संगणकाचा सामायिक असतो. दूरस्थ जोडणीचे किंवा क्लिपबोर्डचा इतिहास ठेवणारे सॉफ्टवेअर नेमक्या त्याच क्षणी त्याला हात लावते आणि पेस्टची आज्ञा रिकामी पडते. ‘फॉर्मेटेड टेक्स्ट’ या सोयीने मजकूर क्लिपबोर्डला न शिवता एका जागेवरून दुसरीकडे नेता येतो.

तिसरे ठिकाण छपाईचे. वर्ड छपाई मागे चालू ठेवतो आणि मॅक्रो पुढच्या ओळीवर जातो. पुढच्या ओळीत फाइल बंद करण्याची आज्ञा असेल, तर कधी प्रिंट निघते, कधी निघत नाही. प्रिंटच्या आज्ञेत ‘बॅकग्राउंड’ बंद ठेवले की मॅक्रो थांबून राहतो.

एक्सेलमधून वर्ड चालवणाऱ्यांना ४६२ क्रमांक परिचित असेल. पहिल्यांदा सगळे सुरळीत, दुसऱ्यांदा एरर. एक्सेलमधल्या मॅक्रोत ‘ॲक्टिव्ह डॉक्युमेंट’ असे मोघम लिहिले, की मागे एक छुपी जोडणी तयार होते. वर्ड बंद झाल्यावरही ती जुन्याच वर्डकडे बोट दाखवत राहते. प्रत्येक आज्ञेच्या आधी ‘कोणत्या वर्डमधली’ हे नावानिशी लिहिले की प्रश्न मिटतो.

एरर न येता चूक होऊ शकते का?

होते, आणि तीच सर्वात महाग पडते. वर्डचा शोध मागच्या शोधाच्या सेटिंग लक्षात ठेवतो. समजा, एक मॅक्रो प्रतींवरून ‘(मूळ)’ हा शिक्का काढून टाकतो. सकाळी कोणी तरी हाताने शोधताना ‘यूज वाइल्डकार्ड्स’वर खूण केली. त्या पद्धतीत कंस म्हणजे अक्षर नसते, ती गट करण्याची खूण असते. आता मॅक्रोने ही सेटिंग स्वत: ठरवलेली नसेल, तर तो कंस तसेच ठेवतो आणि ‘मूळ’ हा शब्द सापडेल तिथून उडवतो. करारातला ‘मूळ मालक’ नुसताच ‘मालक’ होतो. एरर नाही, सूचना नाही, आणि कागद सहीला जातो. शोधाआधी ‘क्लिअर फॉर्मेटिंग’ लिहिले तरी वाइल्डकार्डची खूण जात नाही. म्हणून वाइल्डकार्ड, दिशा, कॅपिटल अक्षरे, पूर्ण शब्द या प्रत्येक बाबीचे ‘हो’ किंवा ‘नाही’ मॅक्रोत स्पष्ट लिहावे.

दुसरा मूक शत्रू म्हणजे ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही ओळ. ‘चूक झाली तरी पुढे जा’ असा तिचा अर्थ. चौकटींचा त्रास वाचवण्यासाठी ती मॅक्रोच्या डोक्यावर लावली जाते. मग नवे नाव भरण्याची ओळ अपयशी ठरते, मॅक्रो पुढे जातो आणि आधीच्या माणसाचे नाव असलेले पत्र छापून येते. जिथे चूक अपेक्षित आहे तेवढ्या एकाच आज्ञेभोवती ही ओळ असावी आणि लगेच ‘ऑन एरर गो-टू झीरो’ने ती रद्द करावी. वारशाने आलेल्या मॅक्रोत ती दिसली, तर तपासणीपुरती काढून टाकावी. झाकलेल्या चुका आपोआप वर येतील.

मराठी मजकुरात वेगळ्या अडचणी येतात का?

येतात. व्हीबीएचा संपादक युनिकोड पाळत नाही. त्यात देवनागरी टंकले किंवा चिकटवले की प्रश्नचिन्हे उमटतात. म्हणून मराठी अक्षरे मॅक्रोत क्रमांकाने लिहावी लागतात. ‘सीएचआर-डब्ल्यू’ या आज्ञेत ‘क’साठी २३२५ असा आकडा द्यावा लागतो.

दुसरी अडचण सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची. ‘ॲ’ हे अक्षर २४१८ या एका क्रमांकाने लिहिता येते किंवा ‘अ’वर चंद्र देऊन २३०९ आणि २३७३ अशा जोडीने. एकसंध ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फाइलमध्ये जोडीचे रूप भेटते. ‘शेतकऱ्यांना’मधला आडवा ‘र’ही दोन तऱ्हांनी टंकला जातो : ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडखूण वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. अक्षरांचे क्रमांक जुळवून पाहणाऱ्या मॅक्रोसाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. एका टंकलेखकाच्या फाइलवर मॅक्रो चालतो आणि दुसऱ्याच्या फाइलवर नाही, तेव्हा कीबोर्डची मांडणी आधी विचारावी. मॅक्रोच्या पहिल्याच पायरीवर सगळी रूपे एकाच रूपात आणून घेणे उत्तम.

नेमका क्षण पकडायचा कसा?

व्हीबीएच्या संपादकात एफ-८ कळ दाबत मॅक्रो एकेक ओळ चालवता येतो. अशा संथ चालीत तो बिनचूक चालला आणि वेगात अडला, तर दोष वेळेचा आहे असे समजावे. कधीमधी येणाऱ्या एररसाठी मात्र पहारा बसवावा लागतो. प्रत्येक टप्प्यावर वेळ, फाइलचे नाव, टप्प्याचा क्रमांक आणि एररचा क्रमांक एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिणाऱ्या चार ओळी मॅक्रोत घालाव्यात. आठवडाभराने ती वही वाचली की नमुना दिसतो : नेहमी सातवाच टप्पा, नेहमी दुपारची मोठी फाइल, नेहमी छपाईनंतर.

हे सगळे संगणकावरच करावे लागेल. मोबाइलवरच्या आणि ब्राउझरमधल्या वर्डमध्ये व्हीबीएचे मॅक्रो चालत नाहीत. शिवाय मॅक्रो असलेली फाइल ‘डॉक-एम’ या प्रकारातच जतन करावी. ‘डॉक-एक्स’मध्ये जतन केली की मॅक्रो गळून जातो, आणि ‘काल होता, आज नाही’ ही तक्रार तिथूनही येते.

दुरुस्ती झाली हे कशावरून ठरवायचे?

एकदा चालला म्हणून सुटलो, असे लहरी बिघाडात म्हणता येत नाही. सरासरी दहापैकी एकदा अडणारा मॅक्रो काहीही दुरुस्त न करता सलग दहा वेळा सुरळीत चालण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असते. सलग तीस वेळा चालण्याची शक्यता मात्र चार टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे तपासणी तीस वेळा तरी करावी, आणि तीही ज्या फाइलवर व ज्या परिस्थितीत तो पूर्वी अडला होता तशीच. एका वेळी एकच बदल करावा, नाही तर कोणत्या उपायाने गुण आला हे कळत नाही. प्रत्येक बदलाआधी जुन्या मॅक्रोची तारीख घातलेली प्रत ठेवावी.

आणि मॅक्रोच्या पहिल्या चार ओळींत तो काय करतो, कोणत्या बुकमार्कवर विसंबतो, कोणत्या फोल्डरमध्ये राहतो आणि शेवटचा बदल केव्हा झाला, हे साध्या भाषेत लिहून ठेवावे. देवनागरी तिथे टिकत नाही, त्यामुळे ते रोमन लिपीतले मराठी असले तरी चालेल. ज्याने मॅक्रो लिहिला तो माणूस उद्या त्या खुर्चीवर नसेल, तेव्हा पुढच्याच्या हाती एवढा कागद तरी असायला हवा.